रिकाम्या केबिनचा चार्ट

१

दवाखाना नऊला सुरू होतो, पण कुलूप मी साडेआठलाच काढते. त्या अर्ध्या तासात माझी तीन कामं असतात आणि एकोणीस वर्षांत त्यांचा क्रम बदललेला नाही. मी कान तपासते. कानांचे डॉक्टर वेगळे, ते नऊला येतात, मी तपासणीवाली. माझ्या टेबलासमोर एक केबिन आहे, मोठ्या कपाटाएवढी, एकामागे एक अशा दोन जाड दारांची, आतून फोम लावलेली. बाजूला एक काच. आत एक खुर्ची, भिंतीला हुक, हुकावर हेडफोन आणि लांब वायरीचं एक बटण. माझ्या बाजूला कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली पुस्तकाएवढी करडी पेटी. पेशंट आत बसतो, दारं लागतात, पेटी त्याच्या कानात एकेक सूर सोडते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. दाबलं की माझ्या टेबलावर हिरवा दिवा लागतो. सूर बारीक होत जातात, आणि कुठला कान कुठपर्यंत पोचला त्याचा चार्ट कागदावर येतो. लोकांना वाटतं फार काहीतरी असतं. एवढंच असतं.

सकाळची तीन कामं अशी. पहिलं, हेडफोनच्या गाद्या पुसणं. दुसरं, रिकामी फेरी. म्हणजे केबिनमध्ये कोणी नसताना अख्खी तपासणी एकदा चालवायची. चार्ट कोरा यायला हवा, कारण रिकाम्या खुर्चीला काय डोंबल ऐकू येणार. तिसरं, मी स्वतः आत बसायचं आणि माझे कान तपासायचे. माझा आजचा चार्ट कालच्या चार्टशी जुळला तर यंत्र ठीक. तपासणीवालीचे कान हे त्या यंत्राचं माप असतं.

एका मंगळवारी रिकामी फेरी संपली आणि चार्ट कोरा नव्हता.

मी आधी चष्मा पुसला. मग वाटलं, बटण दाबलेलंच राहिलं असेल. आत जाऊन पाहिलं तर बटण हुकावर लोंबकळत होतं, मोकळं. वायर हलवून पाहिली. दोन्ही दारं लावून बाहेर आले आणि फेरी पुन्हा चालवली, या वेळी काचेतून आत बघत. खुर्ची रिकामी. हुक, हेडफोन, बटण, सगळं जागच्या जागी. आणि दर सुरानंतर हिरवा दिवा लागत होता. घाईने नाही, उशिरानेही नाही. चांगला पेशंट जसं लक्ष देऊन, खात्री करून दाबतो, तसं.

२

"वायरिंग," डॉक्टर म्हणाले.

"वायर बदलून पाहिली."

"मग सॉफ्टवेअर. कंपनीला कळवा." आमचे डॉक्टर भले आहेत, पण ज्याला हात लावून बघता येत नाही त्यात त्यांना रस नसतो. त्यांनी बाहेरच्या बाकावर बसलेल्या सात पेशंटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावरचा आरसा खाली ओढला. विषय संपला.

कंपनी परदेशात. मी तक्रार पाठवली आणि दोन दिवसांनी फोन आला तो आपल्याच भाषेत. तिकडच्या इंजिनिअरांत एक आपला निघाला होता. चाळिशीतला, दोन पोरांचा बाप, बोलायला हौशी. मला पहिल्या मिनिटाला मॅडम म्हणाला, दुसऱ्या मिनिटाला ताई.

"ताई, तुमचा प्रोग्रॅम मी इथे जसाच्या तसा चालवून पाहिला. रिकामी फेरी कोरी येते."

"इथे येत नाही."

"हेच दुखणं आहे बघा. जोवर माझ्यासमोर बिघडत नाही, तोवर तो बिघाडच नाही असं आमच्याकडे धरतात." तो हसला. "पेटीच पाठवून द्या. हेडफोन, बटण, वायरी, सगळं. आणि एक करा, काही पुसू नका, काही नवं टाकू नका. आहे तसं पाठवा. आमच्याकडे येईपर्यंत बिघाड वाटेत सांडतो कधीकधी."

घरी आले तर नवरा दाराशी खुर्ची टाकून बसला होता. तो शाळेत खेळ शिकवायचा. मैदानाच्या या टोकावरून ओरडला की त्या टोकाची पोरं रांगेत उभी राहायची. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, आतलं बरंचसं काढून टाकलं, आणि त्या आवाजाची नुसती फुंकर उरली. ओठ हलतात, थोडी हवा येते. बाकी सगळ्यांशी तो वहीत लिहून बोलतो. माझ्याशी मात्र बोलतो, कारण मला ऐकू येतं. एकोणीस वर्षं बारीक आवाजांच्या शेजारी बसून माझे कान तयार झालेले आहेत. लग्नानंतर पंचवीस वर्षं मी त्याला हळू बोला म्हणत होते. देवाने फारच मनावर घेतलं.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"यंत्र बिघडलंय. परदेशी पाठवायचंय."

"यंत्राला बरं. आपल्याला कोण पाठवतं?" त्याची फुंकर हसली. ती मी ऐकली. दुसऱ्या कोणाला ती ऐकू आली नसती आणि तो दिवसभर कोणाशी काही बोललाच नाही असं झालं असतं.

३

आता एक गोष्ट सांगून टाकते.

तिसरं काम, स्वतः आत बसून कान तपासायचं, ते मी दोन वर्षं केलेलंच नव्हतं. नवऱ्याच्या ऑपरेशननंतर रात्रीची झोप गेली. सकाळी त्याच्या गळ्यातली नळी साफ करायची, जेवण पातळ करून ठेवायचं, दोन बस बदलायच्या. त्यात त्या अंधाऱ्या, गादीसारख्या केबिनमध्ये दहा मिनिटं बसले की माझा डोळा लागायचा. दोनदा डॉक्टरांनी दार उघडून उठवलं. मग एक दिवस मी कालचा चार्ट उघडला, त्यावर आजची तारीख टाकली आणि साठवून दिला. कोणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. माझे कान काय रोज बदलतात थोडेच, असं मनाला समजावलं. रोज सकाळी ती पेटी विचारायची, तपासणीवाली आत बसली आहे का, आणि रोज सकाळी मी बाहेरून बटण दाबून सांगायचे, हो, बसली आहे.

पेटी बांधायला घेतली तेव्हा हे मनात आलंच. मग मीच मला झापलं. यंत्राला कोण आत आहे आणि कोण नाही याच्याशी काय करायचंय?

खोक्यात खाली जाड फोम, मग पेटी, मग हेडफोन. हेडफोनचा पट्टा स्प्रिंगचा असतो, डोक्यावरून काढला की दोन्ही गाद्या टपकन एकमेकींना चिकटतात. मी त्या चिकटलेल्या गाद्यांभोवती फुग्याफुग्याचं प्लॅस्टिक गुंडाळलं. बटणाची वायर वेटोळं करून रबर लावलं. मग फॉर्म. चार प्रती. वस्तू कोणती, नंबर काय, वापरलेली की नवी. पाठवण्याचं कारण: दुरुस्ती. परत येणार का: हो. विक्रीसाठी आहे का: नाही. खोक्यात नाशवंत, ज्वालाग्राही किंवा सजीव काही आहे का? मी नाहीवर खूण केली आणि खाली सही ठोकली. चारही प्रतींवर.

कुरिअरवाला आला तेव्हा मी वरची चिकटपट्टी लावत होते. ती पट्टी ओढताना केवढी कर्कश किंचाळते ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी ती डाव्या कानात किंचाळली. उजव्यात काहीच आलं नाही. कुरिअरवाल्याने खोकं उचललं, काखेला लावलं आणि पावती देऊन निघून गेला.

४

पहिले चार दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फ्रिजची घरघर थांबली होती. वरच्या मजल्यावरची बाई खुर्च्या सरकवत नव्हती. बस स्टॉपवर लोक जरा लांबून बोलत होते. मला वाटलं, झोप पुरी होत असेल. दमलेल्या माणसाला शांतता मिळाली तर तो तिचं कारण विचारत बसत नाही.

पाचव्या दिवशी जेवताना नवऱ्याने भांडं माझ्यापुढे सरकवलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

त्याचे ओठ हलले.

"काय?"

पुन्हा हलले. मी डावा कान, तोही आता मंदावलेला, जवळ नेला, अगदी त्याच्या ओठांशी. कानावर ऊब लागली, दमट हवा लागली. शब्द नव्हता.

त्याने वही ओढली आणि लिहिलं, "मीठ नाही." मग खाली लिहिलं, "तीनदा म्हणालो."

मी मीठ आणलं. पण जेवण झाल्यावर त्याने ती वही नेहमीसारखी कपाटावर ठेवली नाही, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. मला रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला तर नळाचाही आवाज येत नव्हता, म्हणून तिथे रडण्यात काही अर्थ उरला नाही.

५

आमचा दवाखाना दुपारी एक ते चार बंद असतो आणि मी घरी येते. तिकडची सकाळ म्हणजे आमची दुपार. पेटी पोचल्याचा मेसेज आदल्या दिवशी आलेला होता.

दोनच्या सुमारास मी ओट्याशी उभी राहून पातेलं घासत होते. घासणीचा आवाज येत नव्हता, पाण्याचा येत नव्हता. सवय होत चालली होती. आणि उजव्या कानात, अगदी आत, एक सूर वाजला.

मला त्या सुराची ओळख सांगायला कोणी नको. हजार हर्ट्झचा सूर, तपासणीत तो सगळ्यात पहिला येतो. तीन ठोके, पुन्हा तीन ठोके. स्वच्छ. इतक्या दिवसांत इतकं स्वच्छ मी काही ऐकलं नव्हतं. माझा अंगठा पातेल्याच्या कडेवर दाबला गेला.

सूर थांबला. मग जरा बारीक आला. अंगठा दाबला गेला. मग आणखी बारीक. मी नाही दाबायचं असं ठरवलं, हात पाण्याखाली धरला, मूठ आवळली. मुठीतल्या मुठीत अंगठा आपलं काम करत राहिला.

सगळं मिळून अकरा मिनिटं. एका कानाला साधारण तेवढीच लागतात. मग फोन थरथरला. मी तो डाव्या कानाला लावला, आवाज पूर्ण वाढवून.

"ताई!" इंजिनिअर ओरडतच होता म्हणून कळलं. "आला! तुमचा बिघाड आला इथे! केबिन रिकामी, आणि दिवा आपला लागतोय टकाटक. अकरा मिनिटं बसून बघितलं मी. अहो, असला बिघाड आयुष्यात पाहिला नाही."

"कुठला कान चालवलात?" मी विचारलं.

"उजवा. का?"

"काही नाही," मी म्हटलं. "डावा कधी चालवणार आहात?"

"उद्या," तो म्हणाला.

६

दुसऱ्या दिवशी डावाही पुरता गेला. जवळून, तोंडासमोर उभं राहून मोठ्याने बोललेलं कळायचं, बाकी सगळं कापसाच्या पलीकडे. इंजिनिअरने चार्ट फोनवर पाठवला. मी तो न उघडताच सांगू शकले असते. उजवा कान सरळ, डाव्याला चार हजाराच्या सुरावर एक खड्डा. लहानपणी कान फुटला होता त्याची ती खूण. एकोणीस वर्षं मी तो खड्डा बघत आले आहे. माणसाला स्वतःची सही ओळखायला वेळ लागत नाही.

तरी मी स्वतःला म्हटलं, जुन्या फाइली आहेत त्यात, त्यातलीच एखादी छापली गेली असेल. हे पटण्यासारखं होतं. अंगठ्याचं काय, ते मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

डॉक्टरांनी शेजारच्या दवाखान्यातून एक जुनं, हाताने फिरवायचं यंत्र आणलं होतं. "आधी तुमचेच कान बघू या," त्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाले. "कालपासून मी काहीही बोललो की तुम्ही 'काय? काय?' करताय." एकच्या पुढे, पेशंट गेल्यावर, मी केबिनमध्ये बसले. दोन वर्षांनी. दारं लागली. फोमचा तोच वास. हातात बटण.

काहीच वाजलं नाही. बराच वेळ नाही. काचेतून दिसत होतं, डॉक्टर चकत्या फिरवत होते, भुवया वर करत होते. मी मान हलवत होते.

मग घड्याळात दोन वाजले आणि सूर आले. मी दाबत गेले. नीट, लक्ष देऊन. काय बरं वाटलं. निदान इथे तरी मी अजून कामाची होते.

डॉक्टरांनी दार उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता आणि त्याच्या खाली काहीतरी दुसरं होतं.

"थट्टा करताय का?"

"मला ऐकू आलं. मी दाबलं."

"मी यंत्र बंद केलं होतं," डॉक्टर म्हणाले. "पाच मिनिटं झाली. मी नुसता उभा होतो आणि तुम्ही दाबताय, दाबताय."

त्यांनी माझ्या हातातून बटण काढून घेतलं आणि हुकावर अडकवलं. मग मला घरी जायला सांगितलं.

७

"सापडलं!" इंजिनिअरने लिहिलं. फोनवर मला बोलणं कळत नाही, असं मी त्याला कळवलं होतं. सर्दी झाली आहे म्हणून. मग तो लिहायचा आणि समोरचा कॅमेरा चालू ठेवायचा, म्हणजे मला तिकडचं दिसायचं. "तुमच्या पेटीत एकच चार्ट पाचशे चौऱ्याऐंशी वेळा साठवलेला आहे. वेगवेगळ्या तारखांनी. तेवढं झाल्यावर प्रोग्रॅमला वाटायला लागलं की आत कोणीतरी बसलेलं असतंच."

"पण दिवा? दिवा कसा लागतो?"

"न दाबताच दाबल्यासारखं वाटतं त्याला. भास म्हणा. यंत्राला झालेला भास. चालवून दाखवतो, बघा."

त्यांच्याकडेही आमच्यासारखीच केबिन होती. त्याने कॅमेरा काचेला लावला. खुर्ची, तिच्यावर ठेवलेलं बटण, खुर्चीच्या पाठीला अडकवलेला माझा हेडफोन. ती वायर मी ओळखली, तिला माझंच रबर लावलेलं होतं. त्याने फेरी सुरू केली. माझ्या कानात सूर आला, अंगठा दाबला गेला. खुर्चीवरचं बटण आत गेलं आणि वर आलं. इंजिनिअर कॅमेऱ्यामागे दिव्याकडे बघत असावा, बटणाकडे कोणी बघतच नव्हतं.

मी हेडफोनकडे बघत होते. त्याच्या गाद्या एकमेकींना चिकटलेल्या नव्हत्या. त्या लांब होत्या, एक इकडे, एक तिकडे. मधे डोक्याएवढी जागा. आणि तो हळूहळू एका बाजूला कलत होता, दमून डोळा लागणारं माणूस कलतं तसा. मग सूर आला आणि तो दचकून सरळ झाला.

मी फोन पालथा ठेवला.

थोड्या वेळाने उचलला तेव्हा त्याने लिहिलं होतं, "आता सोपं आहे. परवा दुपारी तुमच्या वेळेने दोनला सगळं पुसून टाकतो. पेटी नव्यासारखी परत येईल."

मी लिहिलं, "पुसू नका. आहे तशी परत पाठवा."

"ताई, पेशंटची माहिती असलेलं यंत्र न पुसता देशाबाहेर पाठवता येत नाही. इथला कायदा आहे. फक्त तुमच्या डॉक्टरांनी लेखी मागितली तरच."

८

म्हणून मी डॉक्टरांकडे गेले. खरं सांगितल्याशिवाय ते मागणार नाहीत हे मला माहीत होतं. बाकीचं सगळं सांगितलं असतं तर त्यांनी मला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं, म्हणून मी फक्त चार्टांचं सांगितलं. दोन वर्षं मी आत बसले नाही. कालचा चार्ट आज चढवला. त्या पेटीत त्याचा पुरावा आहे, तो पुसू देऊ नका, पेटी आहे तशी परत मागवा. मला वाटलं, कर्तव्यदक्ष माणूस आहे, पुरावा जपेल.

डॉक्टर खाली बसले. कितीतरी वेळ ते टेबलावरच्या टाचण्या एका रांगेत लावत होते. मग त्यांनी कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, मला नीट कळावं म्हणून.

"दोन वर्षांत आपण तीन हजारांवर माणसं तपासली. यंत्र बरोबर होतं की नाही, आपल्याला माहीत नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"किती पोरांना या चार्टांवर कानाची मशीन लावली मी?"

एकोणीस वर्षांत त्यांनी मला कधी शब्दाने दुखावलं नव्हतं, आणि आताही ते ओरडत नव्हते. लाज वाटली. खरी लाज, चेहरा गरम होईपर्यंत.

त्यांनी कागद फाडला, त्याचे बारीक तुकडे केले. मग माझ्यासमोर कॉम्प्युटर ओढून कंपनीला दोन ओळी लिहिल्या आणि मला वाचू दिल्या. पेटीतलं सगळं पुसावं. एकही प्रत ठेवू नये. वेळ ठरली आहे त्याच वेळी पुसावं.

"हे तुमच्यासाठीही बरं आहे," ते म्हणाले. ते मी ओठांवरून वाचलं.

९

दोनला दहा मिनिटं कमी असताना मी इंजिनिअरला लिहिलं, "एक काम करशील? ताईचं म्हणून?"

"सांगा."

"पेटीला बोलण्याचा माइक आहे ना, आत बसलेल्या पेशंटशी बोलायचा. तो चालू कर. तुझा फोन त्याला लावून धर. इथून कोणीतरी बोलेल."

"आत कोणी नाही ताई."

"माहीत आहे. तरी धर. पाच मिनिटं."

त्याने हसरा चेहरा पाठवला. मला वाटतं त्याला माझी कीव आली असावी. पण त्याने धरला.

मी फोन नवऱ्याच्या तोंडाशी नेला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, "काय बोलू?"

"काहीही," मी म्हटलं. "माझ्याशी बोला."

माणसाला बोल म्हटलं की काही सुचत नाही. मग त्याचे ओठ हलले आणि माझ्या उजव्या कानात, खोल आत, तो बोलला. फुंकर नव्हे. त्याचा शब्दन् शब्द.

"अगं, ऐकतेस ना? मला काही नको आहे. सगळं झालंय. किती दमलीस, पड जरा. मी आहे जागा."

माझा अंगठा दाबला गेला. मी मुद्दाम पुन्हा दाबला, तीनदा, चारदा. ऐकलं म्हणून. तो अजून बोलत होता, नळ नीट बंद होत नाही, उद्या कोणाला तरी बोलवू, तसलंच काहीतरी. मी त्याच्या गालाला हात लावून ऐकत होते. त्याला सांगायचं होतं की थांबू नका, पण मी बोलले असते तर त्यातला एखादा शब्द हुकला असता.

"नळाला नवीन—" तो म्हणाला, आणि दोन वाजले.

ओठ हलत राहिले. आत काहीच नव्हतं. मला वाटायचं शांतता काय असते ते मला माहीत आहे, कारण मी आयुष्यभर तिच्या केबिनबाहेर बसले. मला काहीच माहीत नव्हतं.

नवऱ्याला ते माझ्या तोंडावरून कळलं असावं. तो बोलायचा थांबला. थोड्या वेळाने फोन पुन्हा थरथरला, आणि तो त्याने स्वतःच कानाला लावला. त्याला ऐकू उत्तम येतं. इंजिनिअर काहीतरी सांगत होता, नवरा ऐकत होता आणि एका हाताने माझ्यासाठी वहीत लिहीत होता.

"म्हणतो पुसलं. रिकामी फेरी चालवली, कोरी आली. म्हणतो छान झालं. आता हेडफोन काढून खोक्यात भरणार."

मी मान हलवली. तो ऐकत राहिला. त्याचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि बराच वेळ हललं नाही. मग हललं, पण अक्षर आधीसारखं राहिलं नव्हतं.

"म्हणतो केबिनची दारं आतून ओढून धरल्यासारखी झालीत. उघडत नाहीत. आत कोणी नाही. काच हलते आहे. कोणीतरी आतून मारल्यासारखी."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

"विचारतो, काच फोडून काढू का, की हेडफोन राहू देऊ तसाच आत?"

मी पेन घ्यायला हात पुढे केला. काय लिहायचं ते मला ठरवता येत नव्हतं. नवऱ्याने माझं मनगट धरलं आणि हात उजेडात वळवला. मी मघापासून हात कशावरच आपटला नव्हता, पण चारही बोटांची पेरं सोलवटली होती आणि त्यांतून रक्त यायला लागलं होतं.